काठ आहे, पण तिथवर जायचे कसे?

खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा पर्वती, स्वारगेट ओलांडून हडपसरकडे जातो. तो एकोणिसाव्या शतकात शेतीसाठी आणि पुणे-खडकीच्या छावण्यांच्या पाण्यासाठी खोदला गेला. कालव्यात पाणी स्वतःच्या वजनाने वाहते, म्हणून त्याचा उतार डोळ्याला दिसत नाही इतका कमी ठेवलेला असतो. टेकड्यांच्या शहरात इतकी सपाट आणि चौकांपासून दूर राहणारी पट्टी दुसरी मिळणे कठीण. सायकलवाल्याला आणखी काय हवे?

हवे असते ते आत शिरायला दार. पुण्यात नोकरीला असताना मी अशाच एका काठरस्त्याने ऑफिसला जायचा प्रयत्न महिनाभर केला. तोंडाशी लोखंडी खांब, पुढे सात पायऱ्या आणि शेवटी वाट ज्या चौकात संपते तिथे सिग्नलही नाही. सायकल खांद्यावर घेणे मला जमायचे, कारण ती हलकी होती आणि मी तरुण होतो. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा माणूस मागे हत्यारांची पेटी बांधून तिथून कसा जाणार? महिन्याभरात मी मुकाट्याने मुख्य रस्त्यावर, बसच्या शेजारी आलो.

सॉफ्टवेअरमध्ये हा रोग रोज दिसतो. दोन टीम आपापला भाग चोख करतात आणि जोड कोणाच्याच यादीत नसतो. कालव्याची जमीन जलसंपदा विभागाची, रस्ता महापालिकेचा, सिग्नलचे काम आणखी वेगळ्या टेबलावर. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सुमारे ८०० किलोमीटरच्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. किलोमीटर मोजणे सोपे असते. पण त्या किलोमीटरवर माणूस कुठून चढतो आणि कुठे उतरतो, याचा हिशेब निविदेत क्वचितच असतो.

खांबांचे समर्थन ठरलेले असते, की मोटारसायकली आत येतात. खरेच येतात. पण सायकल शिरेल अशा फटीतून मोटारसायकलही शिरते. हँडलच्या रुंदीत फारसा फरक नसतो. मग फट आणखी अरुंद करतात, आणि तीनचाकी सायकल, व्हीलचेअर, बाळाची गाडी बाहेर राहते. मोटारसायकलवाला मात्र बांधाच्या कडेची पायवाट शोधून काढतोच. हे काम दंडाचे आणि देखरेखीचे आहे, लोखंडाचे नाही.

हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे. उघडा कालवा बंद करून खडकवासला ते फुरसुंगी बोगद्यातून पाणी नेण्याचा राज्य सरकारचा प्रकल्प आहे. गळती थांबेल, चोरी थांबेल, ठीक. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटून वस्तीत पाणी घुसले होते, तेही विसरता येत नाही. पण मोकळी होणारी ती सलग पट्टी कोणाला मिळणार? कर्वेनगरात जुन्या डाव्या कालव्याच्या जागेवर मोटारींचा रस्ता झालाच आहे.

उलट टोकाचे उदाहरण मुंबईचे. पवई तलावाच्या कडेने महापालिकेने सायकल ट्रॅकचे काम सुरू केले आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून बांधकाम काढायला सांगितले. पाण्याच्या काठावर सिमेंट ओतणे म्हणजे सायकलस्वारांची सोय नव्हे. तलाव बिघडवून मिळालेला ट्रॅक मलाही नको आहे.

हे सगळे कोल्हापुरात बसून लिहितो आहे, कारण आपल्याकडे कालवा नसला तरी काठ आहेत. रंकाळा आहे, पंचगंगा आहे, शहराच्या मधून जाणारा जयंती नाला आहे. माझे अब्बा उद्यमनगरात कामाला सायकलने जात. आज तिथल्या पोराला मी तसे सुचवणारही नाही, रस्ता पाहूनच धीर होत नाही. नाल्याकाठी वाट करा, असे कोणी म्हणाले तर मी पहिला पाठिंबा देईन, पण कागद तपासून. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, नागाळा पार्क आणि शाहूपुरीत शिरले. तिथली वाट पुरात बुडणार हे धरूनच आखावी लागेल. भिंत घालायची नाही, भराव टाकायचा नाही, आणि पाणी ओसरल्यावर गाळ कोण काढणार ते आधी लिहून ठेवायचे.

म्हणून नव्या काठरस्त्याचा किंवा सुशोभीकरणाचा आराखडा हरकतींसाठी येईल तेव्हा आपण कारंजी आणि दिवे बाजूला ठेवून चार गोष्टी विचारू. प्रवेश किती अंतरावर आहेत? पायऱ्यांऐवजी उतार आहे का? वाट संपते त्या चौकात रस्ता ओलांडायचा कसा? आणि पहाटे पाचला पाळीवर निघालेल्या कामगाराला फाटक उघडे मिळेल का? उत्तरे लेखी मागू. नकाशा घेऊन, प्रत्यक्ष सायकल हातात धरून, अभियंत्यांना सोबत चला म्हणू.