सुपारी निर्दोष नाहीं

लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागांत किंवा लेस्टरच्या बेलग्रेव्ह रस्त्यावर विड्याचें साहित्य सर्रास मिळतें. सिल्हेटहून, गुजराथेंतून, पूर्व आफ्रिकेंतून जे लोक तेथें गेले त्यांचें घरदार सुटलें, पुढल्या पिढीची मातृभाषा अर्धीमुर्धी राहिली, पण पानसुपारीचा डबा कांहीं सुटला नाहीं. परक्या मुलखांत मनुष्य आपल्या चालीरीती अधिकच घट्ट धरतो. त्यांत आम्हांस लाज वाटण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. गोऱ्या शेजाऱ्यास किळस येते एवढ्याचसाठीं विडा टाकावा, असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. आमची तक्रार सुपारीविरुद्ध आहे, व ती आरोग्याची आहे.

समज असा कीं, सगळा दोष तंबाखूचा. ती वगळली म्हणजे उरलेला विडा निव्वळ मुखशुद्धि! परंतु दोन आरोपींपैकीं एकास शिक्षा झाली म्हणून दुसरा निर्दोष ठरत नाहीं, हें कोर्टाची पायरी चढलेला कोणीहि सांगेल. कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९८५ सालीं तंबाखूयुक्त विड्यास दोषी ठरविलें. तंबाखूविरहित विड्याविषयीं मात्र पुरावा अपुरा आहे असें म्हटलें. या संशयाचा फायदा सुपारीस जवळजवळ वीस वर्षें मिळाला. पुढें तैवानांतून, जेथें विड्यांत तंबाखू घालण्याची चाल नाहीं, पुरावा आला. आणि २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निर्णयांत त्याच संस्थेनें तंबाखूविरहित विडा व खुद्द सुपारी या दोहोंसहि मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत बसविलें.

फार जुनी साक्ष तर परदेशस्थ हिंदी समाजांतलीच आहे. १९५२ सालीं श्वार्ट्झ यांनीं पूर्व आफ्रिकेंतील पांच हिंदी स्त्रियांच्या तोंडांतील एका विलक्षण विकाराचें वर्णन केलें. दुसऱ्याच वर्षीं जोशी यांनीं तोच विकार हिंदुस्थानांत नोंदला. सुपारींतील अरेकोलीन या द्रव्यानें गालाच्या आंतील मऊ त्वचेखालीं तंतु वाढतात व त्यांचे कठीण पट्टे बनतात. प्रथम तिखट सोसत नाहीं. मग मोठा घांस घेतां येत नाहीं. अखेर तोंडांत तीन बोटें उभीं शिरत नाहींत. व्यसन सोडलें तरी बनलेले पट्टे सहसा विरघळत नाहींत, आणि कित्येक रोग्यांत पुढें कर्करोग उद्भवतो.

आतां कायदा पाहा. इंग्लंडांत २००७ सालीं तंबाखूविक्रीची वयोमर्यादा १६ वरून १८ केली. २०१२ सालीं दक्षिण आशियाई लोकांच्या धूररहित तंबाखूविषयीं तेथील आरोग्यसंस्थेनें मार्गदर्शिका काढली. साध्या वा गोड सुपारीच्या पुडीस यांपैकीं एकाचाहि हात लागला नाहीं. अर्थात् येथें बसून आपणहि फार शहाणपण मिरवूं नये; महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी झाली, ती किती पाळली जाते हें आमच्या वाचकांस टपरीवाल्यास विचारावयास नको. श्रीवर्धनच्या बागाईतदारास आमचें लिहिणें झोंबेल. त्याचें पोट सुपारीवर आहे व त्याचा विचार स्वतंत्रपणें झालाच पाहिजे. पण त्यासाठीं पोरांचीं तोंडें जायबंदी करावीं हें त्यालाहि रुचणार नाहीं.

देवापुढें सुपारी मांडावी, लग्न ठरलें कीं सुपारी फोडावी. त्यासाठीं ती चघळावी लागत नाहीं. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासूनचें आहे. त्यानें व गुजराथी, बंगाली मंडळांनीं मिळून सुपारीस तंबाखूचीच वयोमर्यादा व पुडीवर इशारा मागावा. तोंवर निदान एक करतां येईल. दंतवैद्यानें विचारल्यावर म्हातारी ‘तंबाखू खात नाहीं’ असें सांगते, आणि तें खरेंच असतें. ‘आजी, सुपारी खातां काय?’ असें तिच्या भाषेंत विचारणारा एक मनुष्य तेथें बसविण्यास पार्लमेंटाच्या कायद्याची वाट पाहावयास नको.