निकालाच्या आधीच कागद जमवा

बारावीचा निकाल लागला की परळी वैजनाथमधल्या आपल्या मोहल्ल्यांत एकच प्रश्न घरोघर फिरतो, 'अब आगे क्या?' उत्तर बहुतेक वेळा ऑनलाइन फॉर्म भरणारा दुकानदार देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे रांग असते आणि सोपा फॉर्म तो आधी भरतो. मुलगा बीएला जातो, मुलगीही जाते किंवा घरी बसते. बीएला मी नावे ठेवत नाही. इतिहास, राज्यशास्त्र मनापासून शिकणारी मुले हवीतच. पण दुसरे दार उघडे होते हेच माहीत नसेल, तर त्या प्रवेशाला निवड कसे म्हणायचे?

२०२४ चेच पाहा. बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी प्रथमच सीईटी लागू झाली. तोवर बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत असे. अनेकांना हा बदल उशिरा कळला. जागा रिकाम्या राहतील असे दिसल्यावर त्या वर्षी सीईटी पुन्हा घ्यावी लागली. अशी दुसरी संधी दर वर्षी मिळेल असे धरून चालू नका. सीईटीचे अर्ज बारावीचा निकाल येण्याआधीच भरायचे असतात. 'रिझल्ट लागू दे, मग बघू' म्हणणाऱ्या घरातले मूल तिथेच बाद होते.

खरी अडचण कागदांची आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी असे कितीतरी समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. शब्बीर अन्सारी यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने नव्वदच्या दशकात त्यासाठी गावोगाव पायपीट केली. तरीही आपल्या शाळेच्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात नुसते 'मुस्लिम' सापडते. जात पडताळणी समिती १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागते, म्हणजे आजोबा-पणजोबांची नोंद शोधणे आले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या नोंदी अनेकदा उर्दूत असतात, आणि नातवाला उर्दू वाचता येत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी अशीच उर्दू आणि मोडी दप्तरे उघडली. आपल्या नोंदी शोधायला समिती येण्याची वाट पाहू नये. मोहल्ल्यात उर्दू वाचणारे बुजुर्ग अजून आहेत. त्यांना शेजारी बसवून हे काम अकरावीतच सुरू झाले पाहिजे, कारण पडताळणीला महिने लागतात आणि व्यावसायिक प्रवेशात राखीव जागा त्या एका कागदावर हातची जाते.

जे ओबीसीत येत नाहीत त्यांच्यात 'मुसलमानांना काहीच नाही' हा समज पक्का आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि बाकीचे निकष बसत असतील, तर ईडब्ल्यूएसचे दहा टक्के त्यांनाही खुले आहेत. २०१४ च्या पाच टक्क्यांची मागणी जरूर करा. उच्च न्यायालयाने तेव्हा शिक्षणातले आरक्षण रोखले नव्हते, हे वारंवार सांगायलाच हवे. पण मोर्चाहून परतल्यावर तहसीलची पायरीही चढा.

मुलींबाबत तर हयगय परवडणारी नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी गटांतील आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. अट एवढीच की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. 'फी कोण भरणार' हे कारण त्यामुळे बरेचसे गळून पडते. मग खरे कारण पुढे येते: लातूरला, संभाजीनगरला मुलीला एकटी कशी ठेवायची? या चिंतेची मी टिंगल करणार नाही. वसतिगृह आधी स्वतः पाहून या, तिथल्या मुलींशी बोला, आणि मग हो की नाही ते मुलीला विचारून ठरवा.

आमची सूचना साधी आहे. दिवाळीनंतर दर रविवारी शादीखान्यात किंवा शाळेच्या एखाद्या वर्गात दोन टेबले मांडा. एकावर दाखले, उत्पन्न प्रमाणपत्रे, नॉन-क्रिमिलेअर आणि सीईटीच्या तारखा. दुसऱ्यावर शहरातली नर्स, वकील, औष्णिक वीज केंद्रातला अभियंता, ग्रंथपाल यांपैकी कोणीही, जे आपल्या कामाबद्दल मुलांशी तासभर बोलतील. फॉर्म भरताना पासवर्ड आणि मोबाइल नंबर विद्यार्थ्याचाच टाका, दुकानदाराचा नको. आणि पसंतीक्रम लिहिताना पेन मुलाच्या हातात द्या.