सायकलस्वाराला वाली कोण?

रस्त्यावर अपघात झाला की आपल्याकडे एक अलिखित न्यायालय तत्काळ भरते. वाकलेल्या चाकाची सायकल कडेला पडलेली असते, सायकलस्वार दुभाजकावर बसून पाय चोळत असतो आणि मोटारीचा मालक घड्याळाकडे पाहत असतो. गर्दीतला एखादा जाणता गृहस्थ पुढे होतो, ‘कशाला पोलिसांच्या भानगडीत पडता?’ असे दोन्ही पक्षांना समजावतो आणि हजार-दोन हजारांच्या नोटा जखमीच्या हातात कोंबल्या जातात. निकाल लागतो, गर्दी पांगते, वाहतूक सुरू होते. आठ दिवसांनी त्या जखमीला कळते, की पायाचे हाड मोडले आहे, शस्त्रक्रिया करावी लागणार आहे आणि पुढचे कित्येक महिने कामावर जाता येणार नाही. तोवर मोटारीचा क्रमांकही कोणाच्या लक्षात राहिलेला नसतो. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण शब्दशः पाहायची असेल, तर आपल्या कोणत्याही शहरातील चौकात ती दिवसाढवळ्या पाहायला मिळते.

खेदाची गोष्ट ही, की हे घडते ते कायदा नाही म्हणून नव्हे. कायदा आहे, आणि तो सायकलस्वाराच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम उभा आहे. नाही ती एकच गोष्ट : तो कायदा त्या सायकलस्वाराला सांगणारे कोणी.

सायकल चालवणारा हा माणूस कोण, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. रविवारी सकाळी शिरस्त्राण घालून व्यायामासाठी निघणारी हौशी मंडळी सायकलस्वारच आहेत आणि त्यांचे कौतुकच केले पाहिजे. तथापि २०११च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याचे नोंदले गेले, ते काही व्यायामाच्या हौसेपोटी नव्हे. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, दुधाच्या किटल्या अडकवून निघालेला गवळी, रात्रपाळी संपवून परतणारा रखवालदार, बांधकामावरचा मजूर, यांचे ते वाहन आहे. मानव विकास कार्यक्रमातून महाराष्ट्र शासनाने मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली दिल्या, त्या मुली रोज राज्य मार्गांच्या कडेने शाळेत जातात. सायकल देण्याचे पुण्यकर्म शासनाने केले, हे योग्यच झाले. पण त्या मुलीला भरधाव वाहनाने उडवले तर तिच्या वडिलांनी कोणाकडे जायचे, हे तिच्या गावात कोणाला ठाऊक आहे?

मोटार वाहन कायदा, १९८८ या बाबतीत काय म्हणतो, ते पाहू. सायकल हे त्या कायद्याच्या व्याख्येतील मोटार वाहन नाही. म्हणून सायकलस्वाराला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, विमाही लागत नाही. दुचाकीस्वारांना शिरस्त्राणाची सक्ती करणारे कलम १२९ सायकलला लागू नाही. ‘याच्याकडे ना परवाना, ना हेल्मेट, याला कसली भरपाई?’ हा चौकात हमखास ऐकू येणारा युक्तिवाद त्यामुळे मुळातच पोकळ आहे. उलट प्रत्येक मोटार वाहनाचा त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा, ज्याला व्यवहारात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात, तो कलम १४६ने सक्तीचा केला आहे. हा विमा मोटारमालकाच्या सोयीसाठी नाही. तो ज्या त्रयस्थासाठी आहे, तो त्रयस्थ म्हणजे रस्त्यावरचा पादचारी आणि हाच सायकलस्वार होय. अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य असल्याचे कलम १३४ बजावते. नोटा कोंबून निघून जाणे म्हणजे औदार्य नव्हे, ते कर्तव्यच्युती आहे.

आता भरपाईचा विचार. १ एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, वाहनाच्या अपघातात मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये कलम १६४ खाली मिळू शकतात. त्यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापतच आहे, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. म्हणजे ज्याच्या हातात चौकात दोन हजार ठेवले गेले, तो माणूस कदाचित अडीच लाखांचा हक्कदार होता!

याहून अधिक हानी झाली असेल, तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. तेथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पण फौजदारी खटल्यातल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहिले जाते. फौजदारी न्यायालयात चालक निर्दोष सुटला, एवढ्याने दावा बुडत नाही. भरपाई मोजण्याची रीतही सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली आहे. २००९च्या निकालाने वयानुसार गुणक ठरवून दिले आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भविष्यातील उत्पन्नवाढ कशी धरावी हे निश्चित केले. एक उदाहरण घेऊ. सायकलवरून भाजी विकणारा, ३८ वर्षांचा, महिना १२ हजार मिळवणारा माणूस. त्याचे वार्षिक उत्पन्न १ लाख ४४ हजार. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगार करणाऱ्यासाठी त्यात ४० टक्के वाढ धरली, की ते २ लाख १ हजार ६०० होते. त्याच्या वयाचा गुणक १५. अपघाताने त्याची कमाईची शक्ती निम्मी घटली असेल, तर केवळ त्या एका सदराखाली १५ लाख १२ हजार रुपये होतात. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, भोगलेल्या यातना आणि रकमेवरील व्याज हे वेगळेच.

येथे ‘कमाईची शक्ती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. डॉक्टर प्रमाणपत्रात अवयवाचे अपंगत्व लिहितात, पण न्यायाधिकरणाने पाहायचे असते ते त्या माणसाच्या उपजीविकेचे काय झाले, हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या दशकाच्या आरंभी हा भेद नेमकेपणाने उलगडला : डावा हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण तोच हात गमावलेल्या सुताराची जवळजवळ सारी कमाई जाते. सायकलवर पोट असलेल्याचा गुडघा कायमचा आखडला, तर प्रमाणपत्रावर तो थोडक्या टक्क्यांचा अपंग असेल, संसारात मात्र तो पुरता मोडलेला असतो. हे न्यायाधिकरणापुढे मांडायचे, तर ते मांडता येते हे आधी माहीत असायला हवे.

वाहन पळून गेले तर? तेथेही कायद्याने वाट ठेवली आहे. अज्ञात वाहनाच्या धडकेतील मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२पासून लागू आहे. अर्ज महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर मिळते. वकील लागत नाही, न्यायालयही लागत नाही. या योजनेचे प्रत्यक्षात काय झाले? २०२२ या वर्षात देशात धडक देऊन पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले, त्यांत ३०,४८६ माणसे मेली. आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात या योजनेखाली आलेले अर्ज किती? अवघे २०५! जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हे आकडे आले, तेव्हा न्यायालयाने पोलिसांना आदेश दिला, की त्यांनी पीडितांना या योजनेची माहिती स्वतःहून द्यावी. सत्तर हजारांच्या आसपास अपघात आणि दोनशे अर्ज, या दोन संख्यांमधील अंतर हेच आपल्या समाजातील अज्ञानाचे आणि शासनयंत्रणेच्या अनास्थेचे माप आहे. पैसे नव्हते म्हणून दिले गेले नाहीत असे नव्हे, मागायला कोणी आले नाही, कारण मागता येते हेच कोणाला कळले नाही.

‘शहाण्याने न्यायालयाची पायरी चढू नये’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पण २०२२च्या नियमांनी ती पायरी चढण्याचे ओझे बऱ्याच अंशी पोलिसांच्या खांद्यावर टाकले आहे. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा, १० दिवसांत पीडिताला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना द्यायचा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर करायचा. हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. पीडिताला स्वतः अर्ज करायचा असेल, तर तो अपघात घडला तेथे किंवा स्वतः राहतो तेथे करता येतो. पुण्यात जखमी झालेल्या बीडच्या मजुराला पुण्याचे हेलपाटे घालण्याची गरज नाही. अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत या दुरुस्तीने घातली. तिला आव्हान मिळाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने, केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असे न्यायाधिकरणांना सांगितले. तरीही सुज्ञाने सहा महिन्यांची मर्यादा पाळावी, हे उत्तम. शिवाय मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. विमा कंपनीने पुढे केलेली कलम १६४ची रक्कम एकदा स्वीकारली, की कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. दुखापत कायमची आहे की बरी होणारी आहे, हे कळण्याआधी सही करण्याची घाई करू नये.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की सायकलस्वारही नियम मोडतात, उलट दिशेने येतात, रात्री दिव्याविना फिरतात. हे खरे आहे, आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. पण ज्या प्रमाणात त्याची चूक, त्या प्रमाणात त्याची भरपाई कमी होते, अशी सोय न्यायाधिकरणाच्या पद्धतीत आहेच. चूक दोघांची असली, तरी परिणाम दोघांना सारखे भोगावे लागत नाहीत : एकाच्या गाडीला ओरखडा येतो, दुसऱ्याचा कणा मोडतो. म्हणूनच नेदरलँड्ससारख्या देशात मोटारचालकाच्या धडकेने जखमी झालेल्या प्रौढ सायकलस्वाराला, त्याची स्वतःची चूक असली तरी, सामान्यतः किमान निम्मी भरपाई मिळते, आणि चौदा वर्षांखालील मुलाला पूर्ण. जो अधिक धोका निर्माण करतो, त्याच्यावर अधिक भार, हे त्यामागचे तत्त्व आहे. ते आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. बलवानाने दुर्बलाला सांभाळावे, ही शिकवण आपण घराघरांत देतोच. ती रस्त्यावर उतरल्यावर विसरतो, इतकेच.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. असे दावे होतात, त्यांची गंभीर दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे आणि असे करणाऱ्यांना कठोर शिक्षा झालीच पाहिजे. परंतु खोटे दावे रचणारी टोळी कायदा कोळून प्यायलेली असते. कायद्याची माहिती दडवून तिचे काही बिघडत नाही, भरडला जातो तो खरा जखमी. अपघात घडताच पोलिसांचा अहवाल वेळेत गेला, तर खोट्या दाव्यांना आळा आणि खऱ्या दाव्यांना आधार, असे दोन्ही साधते.

यास्तव आमच्या अपेक्षा साध्या आहेत. राज्याच्या गृहखात्याने प्रत्येक जिल्ह्यात किती अपघातांत पहिला अहवाल ४८ तासांत गेला आणि किती पीडितांना हक्कांचा नमुना मिळाला, हे दरवर्षी जाहीर करावे. प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात आणि प्रत्येक तहसील कार्यालयात या योजनांचा फलक ठळक मराठीत लागावा. विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत आहे, तिचा पत्ता त्या फलकावर असावा.

आणि सारे काही शासनावर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही. आपली गणेशोत्सव मंडळे रक्तदान शिबिरे घेतात, ग्रंथालये व्याख्यानमाला चालवतात, वकील मंडळी सामाजिक कार्यात पुढे असतात. या सर्वांनी मिळून वस्तीवस्तीत वर्षातून एक संध्याकाळ या विषयाला दिली, तरी २०५ या लाजिरवाण्या आकड्याची पुनरावृत्ती होणार नाही. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस छळतील, ही भीतीही आता अनाठायी आहे; सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला कलम १३४अने संरक्षण दिले आहे. यापुढे चौकात गर्दी जमेल, तेव्हा तिच्यातल्या जाणत्या गृहस्थाने नोटा मोजण्याऐवजी तीन कामे करावीत : वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा, जखमीला रुग्णालयात न्यावे आणि पोलिसांत नोंद करण्यासाठी त्याच्यासोबत जावे. सायकलस्वाराला वाली कोण, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने कागदावर लिहून ठेवले आहे. ते रस्त्यावर आणायचे, तर त्या गर्दीतल्या प्रत्येकाला स्वतःला त्याचा वाली समजावे लागेल.