तोंड, आतडे आणि अंदाजपत्रक

दात आणि हिरड्या हे मानवी शरीराचे भाग आहेत, याविषयी शरीरशास्त्रात मतभेद नाही. शासनांच्या अंदाजपत्रकांत मात्र त्यांना शरीराबाहेर ठेवण्याची प्रथा जुनी आहे. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्या उपचारांची जबाबदारी समाजाने थोडीफार तरी पत्करली. हिरडीतून रक्त येणे, दात हलणे, दाढ किडणे ही मात्र ज्याची त्याची खासगी अडचण मानली गेली. गेल्या पंधरा वर्षांत कर्करोगाच्या संशोधनातून जी माहिती पुढे आली आहे, ती या समजुतीच्या मुळावरच घाव घालणारी आहे. म्हणून तिचा विचार केवळ वैद्यकाच्या जाणकारांवर सोपवून भागणार नाही.

मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग हा नव्या रुग्णांच्या संख्येत जगात तिसरा आणि मृत्यूंच्या संख्येत दुसरा आहे. २०२२ साली जगभरात त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले व ९ लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. २०११ च्या अखेरीस अमेरिकेतील बोस्टन आणि कॅनडातील व्हँकूव्हर येथील संशोधकांच्या दोन गटांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, एकच गोष्ट नोंदवली. आतड्यातील कर्करोगाच्या गाठींत फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा जंतू त्याच रुग्णांच्या निरोगी आतड्याच्या मानाने फार मोठ्या प्रमाणावर आढळत होता. आश्चर्य असे की, हा जंतू मूळचा आतड्यातला नव्हे. दंतवैद्यांना तो पूर्वीपासून परिचित होता. दातांवर साचणाऱ्या थरात त्याचे वास्तव्य असते आणि हिरड्यांच्या रोगात त्याची संख्या वाढते.

तोंडातला हा रहिवासी आतड्यात काय करतो, याचा उलगडा पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने होत गेला. त्याच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन आतड्याच्या पेशींना चिकटते व त्या पेशींत वाढीचे संकेत चेतवते, हे २०१३ साली दाखवले गेले. त्याचे दुसरे एक प्रथिन गाठीवर हल्ला करू पाहणाऱ्या संरक्षक पेशींना निष्प्रभ करते, असे २०१५ साली जेरुसलेमच्या संशोधकांना आढळले. २०१७ साली शांघायच्या एका गटाने हा जंतू कर्करोगाच्या पेशींना औषधाच्या माऱ्यातून तगून राहण्यास मदत करतो, असे दाखवले. त्याच वर्षी बोस्टनच्या संशोधकांना आतड्यातून यकृतात पसरलेल्या कर्करोगातही तोच जंतू जिवंत सापडला. मूळ गाठ स्थलांतर करते तेव्हा हा भाडेकरूही तिच्यासोबत बिऱ्हाड हलवतो, असा याचा अर्थ होतो.

पण आतड्यातला जंतू खरोखर तोंडातूनच आला कशावरून? जपानमधील योकोहामा येथील संशोधकांनी २०१९ साली या प्रश्नाला हात घातला. ज्या ८ रुग्णांच्या लाळेत व गाठीतही हा जंतू मिळाला, त्यांपैकी ६ जणांत दोन्ही ठिकाणचे वाण एकच निघाले. ही संख्या लहान आहे, परंतु तिने दाखवलेली दिशा स्पष्ट आहे. २०२४ च्या मार्चमध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग केंद्रातील संशोधकांनी आणखी खोलात जाऊन या जंतूची एक विशिष्ट उपशाखा वेगळी काढली. सुमारे २०० रुग्णांच्या गाठी तपासल्या असता जवळजवळ निम्म्या गाठींत ती सापडली. जठरातील आम्लाला तोंड देऊन टिकण्याची शक्ती तिच्या अंगी आहे. तोंडापासून आतड्यापर्यंतचा प्रवास तिला शक्य का होतो, याचे एक कारण त्यात सापडते.

या माहितीतून घाईने निष्कर्ष काढणारे दोन प्रकारचे लोक असतात. पहिला प्रकार घाबरणाऱ्यांचा. हिरड्या सुजल्या की आतड्याचा कर्करोग ठरलेलाच, असे त्यांना वाटू लागते. हे खरे नाही. हा जंतू असंख्य निरोगी माणसांच्या तोंडात असतो आणि निम्म्या गाठींत ती उपशाखा सापडत नाही, हेही त्याच संशोधनाने सांगितले आहे. जंतूमुळे गाठ होते, की झालेल्या गाठीत जंतूला आश्रय मिळतो व मग तो तिला खतपाणी घालतो, हा प्रश्न माणसांच्या बाबतीत अद्याप पुरता सुटलेला नाही. नियमित दात घासल्याने आतड्याचा कर्करोग टळतो, असे कोणत्याही प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. शिवाय एक विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. हिरड्यांचे व दातांचे रोग गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत विपुल आहेत. आतड्याचा कर्करोग मात्र श्रीमंत देशांत अधिक आहे. केवळ तोंडातील जंतूच कारण असते, तर हे चित्र उलटे दिसले असते.

या विसंगतीचे उत्तर आहारात व राहणीत शोधावे लागते. तंतुमय अन्नाची कमतरता, लाल व प्रक्रिया केलेले मांस, मद्य, तंबाखू, स्थूलपणा, शरीरश्रमांचा अभाव आणि वाढते वय ही या रोगाची परिचित कारणे होत. या कारणांचे आणि जंतूचे नाते काय असावे, याची चुणूक २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मिळते. त्यात १ लाख ३७ हजारांहून अधिक लोकांच्या आहाराचा अनेक वर्षे मागोवा घेतला होता. अखंड धान्ये व तंतुमय पदार्थ भरपूर खाणाऱ्यांमध्ये, ज्या गाठींत हा जंतू असतो तशा कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. जंतू नसलेल्या कर्करोगाच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. जंतू तोंडातून येतो, पण आतड्यात त्याचे आदरातिथ्य कसे होते हे ताटातील अन्नावर अवलंबून असावे, असे अनुमान त्यातून निघते. भारतात मैदा, साखर व पाकीटबंद खाद्यपदार्थ यांनी भाकरी-उसळीची जागा घ्यावयास प्रारंभ केला आहे. जुन्या दारिद्र्याचे मुखरोग आणि नव्या बाजारपेठेचा आहार यांची एकाच शरीरात गाठ पडणे, ही त्यामुळे दूरची भीती राहिलेली नाही.

दुसरा प्रकार अधिक धोकादायक आहे, कारण तो हुशार आहे. तो बाजाराचा. विज्ञानाचा अर्धा निष्कर्ष हाती लागताच त्याची बाटली करून विकणे हा त्याचा धर्म. जंतुनाशक गुळण्यांची औषधे व आतड्यास हितकर म्हणून विकले जाणारे जंतूंचे महागडे चूर्ण यांच्या जाहिरातींना या संशोधनाचा आधार घेण्याचा मोह न पडता तरच नवल. प्रतिजैविकांचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. उंदरांच्या अंगी रुजवलेल्या मानवी गाठींवर मेट्रोनिडॅझोल या औषधाचा प्रयोग केला असता गाठींची वाढ मंदावली, हे खरे. परंतु ते औषध आतड्यातील उपकारक जंतूंचाही संहार करते, आणि उंदराच्या प्रयोगावरून माणसाची चिकित्सा ठरत नाही. भारतात हीच गोळी जुलाबावर म्हणून चिठ्ठीवाचून विकत मिळते. कर्करोगाच्या भीतीने लोक ती घेऊ लागले, तर कर्करोग हटणार नाही. औषधांना न जुमानणारे जंतू मात्र वाढतील.

भीती आणि बाजार या दोहोंना दूर सारल्यावर जो मुद्दा शिल्लक उरतो, तो सार्वजनिक धोरणाचा आहे. तोंडाचे आरोग्य उर्वरित शरीरापासून तोडण्याला निसर्गाचा आधार नाही. ती माणसांनी केलेली वाटणी आहे. १८४० साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर येथे, जगातील पहिले दंतवैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि दंतवैद्यकाने वेगळी चूल मांडली. पुढे राज्यांनी आरोग्यसेवा उभारल्या तेव्हा ही वाटणी खर्चकपातीच्या कामी आली. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या शासनाने राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा दातांचे उपचार व कवळ्याही विनामूल्य होत्या. वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढलेल्या कष्टकऱ्यांची अशी रीघ लागली की खर्चाचे सारे अंदाज चुकले. या मागणीचा अर्थ लोकांची गरज प्रचंड होती असा लावता आला असता. अर्थखात्याने तिचा अर्थ उधळपट्टी असा लावला. १९५१ च्या अंदाजपत्रकात कवळ्या व चष्मे यांच्यावर आकार बसवण्यात आला. त्यातून त्या वर्षी वाचणार होते सुमारे १ कोटी ३० लाख पौंड. आणि त्याच सुमारास शस्त्रसज्जतेसाठी तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्चण्याचा कार्यक्रम हाती घेतलेला होता. त्या सेवेचे शिल्पकार ॲन्युरिन बेव्हन यांनी या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस तेव्हा पुष्कळांना हट्टी वाटला. परंतु विनामूल्य सेवेच्या भिंतीला पहिले भगदाड दातांच्याच बाजूने पडले, हे इतिहासाने दाखवून दिले.

अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आली. नेहमीचे दंतोपचार तिच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. २००७ साली मेरीलँडमध्येच एका गरीब कुटुंबातील १२ वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दातातील जंतू मेंदूपर्यंत पोहोचले व तो दगावला. दात वेळीच काढून टाकण्यास सुमारे ८० डॉलर लागले असते. त्याला वाचवण्यासाठी रुग्णालयात झालेला खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला. काटकसरीचा हिशेब मांडणाऱ्या अर्थशास्त्राने हे दोन आकडे एका ओळीत लिहून पाहावेत. कॅनडानेही आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत दात वगळले होते. तेथील न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने अल्पमतातील शासनाला पाठिंबा देण्याच्या अटींत दंतसेवेचा आग्रह धरला, तेव्हा कोठे २०२४ च्या मेपासून अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय दंतसेवा प्रत्यक्षात आली. राजकीय इच्छाशक्ती असेल तर वाटणी मोडता येते, याचे हे ताजे उदाहरण आहे.

भारतात १९४८ साली दंतवैद्यांचा वेगळा कायदा झाला आणि त्याची जागा घेणारा २०२३ चा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदाही वेगळाच आहे. व्यवसायाचे नियमन वेगळे असण्यास हरकत नाही. सेवाही वेगळी आणि दुय्यम राहावी, याला मात्र समर्थन नाही. देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत, त्यांतील बहुसंख्य खासगी. त्यांतून बाहेर पडणारे दंतवैद्य शहरांत एकमेकांच्या शेजारी दवाखाने थाटतात आणि खेड्यातल्या शेतमजूर बाईला दाढ दुखली तर एक दिवसाची मजुरी बुडवून व एस. टी. चे भाडे भरून तालुक्याला जावे लागते. म्हणून ती जात नाही. ठणका थांबावा म्हणून हिरडीला मशेरी लावते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरड्यांची हानी करते आणि तोंडाच्या कर्करोगाला निमंत्रण देते. फ्युझोबॅक्टेरियमचा संबंध येथेही येतो. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांना जिभेच्या कर्करोगाच्या गाठींतही तो आढळला असून, त्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला आहे.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून कागदावर आहे. आरोग्यविम्याच्या शासकीय योजना मात्र रुग्णालयात दाखल होण्याभोवती आखलेल्या आहेत. गाठ झाल्यावर शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. गाठीच्या कित्येक वर्षे आधी हिरडी स्वच्छ करून घेण्याचा मिळत नाही. रोग वाढून महाग झाला की शासन जागे होते, आणि तो स्वस्तात आवरण्याजोगा असतो तेव्हा रुग्णाला बाजाराकडे बोट दाखवते. ही काटकसर नव्हे.

यासाठी मागण्या साध्या आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कक्षेत ठराविक दिवशी दंतवैद्य उपलब्ध असावा. हिरड्यांची सफाई, दात भरणे व कवळी यांचा समावेश विनामूल्य सार्वजनिक सेवेत व्हावा. शौचावाटे रक्त जाणे म्हणजे मूळव्याधच, असे गृहीत धरून महिने दवडू नयेत, एवढे शिक्षण आशा कार्यकर्तीपासून डॉक्टरपर्यंत सर्वांना मिळावे. भारतीय रुग्णांच्या गाठींत हे जंतू किती व कसे आढळतात, याचे संशोधन सार्वजनिक पैशातून व्हावे. उद्या तोंड व आतडे यांचा कार्यकारणसंबंध पुरता सिद्ध झाला नाही, तरीही यांतील एकही मागणी वाया जाणारी नाही. दुखणाऱ्या दाढेने रात्रभर जागणाऱ्या माणसाला उपचार मिळण्यासाठी ती दाढ कर्करोगाला कारणीभूत ठरण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.