समाज भोगला, आता समाजशास्त्र शिकू या!



शहापूर-मुरबाडकडच्या विहारांतून तरुण मुलामुलींशी बोलणे निघाले की एक प्रश्न आमच्यापुढे हमखास येतो. "काका, यूपीएससीला ऐच्छिक विषय म्हणून समाजशास्त्र घेऊ का? सोपा आहे म्हणतात." विचारणारी ही लेकरे कोणाची? आसनगाव-कसाऱ्याहून पहाटेची लोकल धरणाऱ्या बापाची, मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्या आईची. त्यांच्या या एका प्रश्नावर घराची दोन-तीन वर्षांची कमाई पणाला लागलेली असते. तेव्हा उत्तरही जबाबदारीने दिले पाहिजे.

आधी हिशेब पाहू. नागरी सेवा मुख्य परीक्षेत गुणवत्ता यादीसाठी लेखी १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण धरतात. त्यात ऐच्छिक विषयाचे दोन पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. पदवीचा विषयच घ्यावा लागतो असे नाही, आमच्यासारखा बी.कॉम. झालेलाही समाजशास्त्र घेऊ शकतो. उत्तरे मराठीतून लिहिता येतात, मात्र प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. म्हणून प्रत्येक संज्ञा वहीत दोन्हीकडची लिहून पाठ करावी. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तिथेही हा अभ्यास कामी येतो.

आता 'सोपा' या शब्दाकडे वळू. आपण समाज पाहिला आहे, भोगला आहे, म्हणून समाजशास्त्र आपल्याला आपोआप येते, हा गैरसमज आहे. ताप सोसलेला माणूस काही डॉक्टर होत नाही! ताप कशाने येतो, तो एकालाच का आणि शेजाऱ्याला का नाही, हे शिकावे लागते.

पहिल्या पेपरात मार्क्स, दुर्खीम, वेबर, पार्सन्स, मर्टन आणि मीड आहेत. नावे परकी, पण गोष्ट घरचीच. वेबर सांगतो की पैसा, प्रतिष्ठा आणि सत्ता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या माणसाला रेल्वेत पक्की नोकरी लागली, घरावर स्लॅब पडला. तरी गावात त्याची ओळख सांगताना जात आधी येते. पैसा आला, प्रतिष्ठा मागे राहिली. हे उदाहरण आपल्या पोराइतके कोण चांगले लिहील? पण वेबर वाचला तरच ते उदाहरण उत्तर होते. नाहीतर ती नुसती तक्रार.

दुसरा पेपर भारतीय समाजाचा. जातीच्या अभ्यासासाठी तिथे घुर्ये, श्रीनिवास, द्युमाँ आणि बेते अशी चार नावे दिली आहेत. बाबासाहेबांचे नाव त्या यादीत नाही! पोरांचे रक्त तापते, ते साहजिकच आहे. परंतु रागाला गुण मिळत नाहीत, पुराव्याला मिळतात. आणि पुरावा आपल्याकडे आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा कणा, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे तो कणा टिकवण्याचे उपाय, आणि वरच्यांचे अनुकरण करत ही रीत खाली पसरली, अशी त्यांची मांडणी होती. मुंबई विद्यापीठाच्या घुर्ये यांचा जातीवरचा ग्रंथ १९३२ चा. त्यांचे विद्यार्थी श्रीनिवास यांचे संस्कृतीकरण १९५२ चे, म्हणजे अनुकरणाचा मुद्दा बाबासाहेबांनी मांडल्यानंतर छत्तीस वर्षांनी! हे सारे घोषणा न देता, सनावळीसह उत्तरपत्रिकेत उतरवा. राज्य शासनाने १९७९ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात हा निबंध आहे.

पुढचे पाऊल तुमचे. संस्कृतीकरण म्हणजे वरच्या जातीची रीत उचलून शिडीवर एक पायरी चढणे. १९५६ साली आपल्या आजा-आजींनी काय केले? मेलेली ढोरे ओढणे सोडले, गावकीची कामे सोडली, आणि शिडीच सोडून दिली. श्रीनिवासांच्या चौकटीत हे बसते का? हा परीक्षेचा खराखुरा प्रश्न आहे आणि त्याचे साक्षीदार अजून काही घरांत हयात आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.

बदलापूर गावाचा तपशीलवार अभ्यास ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली मराठीत प्रसिद्ध केला. तसा आपल्या वस्तीचा, आपल्या नजरेने करा. तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात, आणि शहापूरच्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कातकरी कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर जाते, मुलांची शाळा तुटते. वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्याने बंद झालेली! आणि आरसा आपल्याकडेही फिरवा. सोयरीक जुळवताना आपण पोटजात विचारतो का? कातकऱ्याचे पोर दारात आले तर त्याला आत बसवतो का?

आता आईबापांना चार शब्द. अर्ज दहा लाखांच्या आसपास येतात, निवड हजाराच्या आसपास होते. अनुसूचित जातीला वयाची सवलत ३७ पर्यंत आहे, याचा अर्थ तोवर नुसते बसून राहायचे असा नाही. दोन-तीन प्रामाणिक प्रयत्न, आणि सोबत पोटापाण्याची दुसरी वाट हवी. दागिने मोडून क्लास लावण्याआधी आयोगाचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका पाहा, त्या फुकट मिळतात. पुण्याच्या बार्टी संस्थेच्या प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. तेव्हा केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. मुलगी अभ्यासाला बसली असेल तर तिला भांड्यांसाठी उठवू नका. रोज एक उत्तर लिहायला लावा आणि ते मोठ्याने वाचून घ्या. तुम्हाला समजले नाही तर ते अजून कच्चे आहे.

निवड झाली तर हे लेकरू उद्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसेल आणि पाड्याच्या टँकरचा कागद सहीला पुढे येईल. नाही झाली तरी ग्रामसभेत तो कागद मागायला ते उभे राहील. दोन्हीकडे हे शिकलेले वाया जाणार नाही.

जयभीम!