घडीचे चालण्याचे यंत्र : घ्यावे की न घ्यावे?



शेतकऱ्याच्या घरात ट्रेडमिल कशाला, असे कुणी म्हणेल. पण नांगरामागचे चालणे ट्रॅक्टरने संपवले, शेताची वाट मोटारसायकलने. साखरेचा आजार गावातही शिरला आणि डॉक्टर सांगतात, "रोज चाला." पावसाळ्यात वाटेवर चिखल, सांजेला बायांनी एकटीने निघणे अवघड. म्हणून घडी होणाऱ्या स्वस्त यंत्राकडे लक्ष जाते.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. हेही तसेच पारखावे.

जाहिरातीत ठळक छापलेला हॉर्सपॉवर बहुधा क्षणभराच्या जोराचा, म्हणजे 'पीक' असतो. मोटार सतत किती ओढते तो 'कंटिन्युअस' आकडा विचारा. पट्टा चालण्यापुरता १६ इंच रुंद पुरतो. पळायचे तर १८ ते २० इंच हवा. वजनाची मर्यादा घरातल्या सर्वांत जड माणसापेक्षा निदान १५ किलोंनी जास्त असावी. दुकानात दहा मिनिटे चालून पाहा, मग स्वतः घडी घाला. यंत्र डुगडुगते का? खटका घट्ट बसतो का? उचलायला दोन माणसे लागली तर घडीचा उपयोग काय? दुरुस्तीचा माणूस आपल्या गावापर्यंत येईल, हे लिहून घ्या.

घरी अर्थिंग नीट हवे. विजेचा दाब फार कमी-जास्त होत असेल तर दुकानदाराला आधीच सांगा. यंत्रामागे दोन मीटर जागा मोकळी ठेवा. दोरीची किल्ली कपड्याला अडकवा. तोल गेला की ती निघते आणि पट्टा थांबतो. पदर खोचून घ्या. काम झाले की किल्ली काढून ठेवा, नाहीतर पोरांची बोटे पट्ट्यात जातील. पट्ट्याखाली पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घाला. इंजिनाचे किंवा गोडे तेल नको.

इंग्लंडात १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या अभियंत्याने तुरुंगासाठी पायचक्की काढली. कैदी तिच्यावर सक्तीने पाय चालवीत. आपल्यामागे शिपाई नसतो, आपल्या मनानेच चालावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगितले. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. तेवढे चालणे बांधावर फुकट होते.

तेव्हा आधी महिनाभर ठरल्या वेळी झपझप चाला. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर प्रथम डॉक्टरांना विचारा. महिना नेमाने पार पडला आणि अडचण फक्त पावसाची वा अंधाराची उरली, तर यंत्र खुशाल घ्या. नेम टिकला नाही तर पैसे राखा; नाहीतर त्या दांड्यावर धोतरे वाळत पडतील.