मैदानावरच्या सरांचे दोन कागद

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तळोद्यासारख्या तालुक्याच्या गावीही पहाटे मैदान जागे होते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर व गोळाफेक. मैदानाचे एकूण ५० गुण. आता मैदानी चाचणी आधी व लेखी परीक्षा नंतर होते. मैदानात मागे पडला तो लेखीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून शेतमजुराच्या, रिक्षावाल्याच्या घरातूनही महिन्याची फी काढून मुलाला ‘सरांकडे’ पाठवले जाते.

हे सर म्हणजे बहुधा आपल्यातलाच एखादा तरुण. भरतीत दोन गुणांनी राहिलेला, खेळात नाव काढलेला, व्यायामशाळेत घडलेला. कोणी जिममध्ये तासावर शिकवतो, कोणी घरोघर जाऊन व्यायाम घेतो. ना नेमणूकपत्र, ना पगारपत्रक. धंदा मेहनतीचा आहे, मानाचाही आहे. परंतु त्यात एक धोका आहे आणि त्याविषयी घरात कधी बोलणे होत नाही.

समजा, सरावात गोळा भलतीकडे गेला आणि दुसऱ्या मुलाच्या पायाचे हाड मोडले. समजा, दम्याचा त्रास असलेल्या मुलाला काही न विचारता उन्हात पळवले आणि तो कोसळला. दवाखान्याचे बिल कोणी भरायचे? मुलाचे आईबाप गरीब, सरही गरीब. मग गावकी बसते, शब्दाला शब्द लागतो, आणि कोणाच्या तरी घरातले मंगळसूत्र किंवा गाडी विकली जाते.

हे भय काल्पनिक नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुणांचा जीव गेला. २०२४ मध्ये झारखंडमध्ये भरतीच्या १० किलोमीटर धावण्यात १० हून अधिक उमेदवार दगावले. ऊन, उपाशीपोट, अपुरे पाणी आणि शरीराला न झेपणारी घाई एकत्र आली की धडधाकट पोरही कोसळते. आपल्या भागातला उन्हाळा कोणाला सांगायला नको.

आता कायदा पाहू. फी घेऊन शिकवणे ही ‘सेवा’ आहे. सेवेत कसूर झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार नुकसानभरपाई मागता येते. तक्रार नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करायची असते. दिलेली फी पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचे सिद्ध झाले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. ‘दुखापत झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशी पाटी लावली किंवा सही घेतली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे.

मग सरांनी काय करावे? दोन कागद मिळवावेत.

पहिला कागद शिक्षणाचा. डॉक्टर-वकिलाला परिषदेची नोंदणी लागते, तशी सक्ती व्यायाम प्रशिक्षकाला नाही. म्हणूनच कोणीही उठतो आणि सर होतो. परंतु उद्या आयोगापुढे ‘तुम्ही हे कुठे शिकलात?’ असा प्रश्न आला तर दंड दाखवून भागणार नाही. राष्ट्रीय कौशल्य चौकटीत फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे. तो क्रीडा व फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेमार्फत चालतो. जो आधीपासून काम करतो, त्याच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय या व्यवस्थेत आहे. खेळाचे प्रशिक्षक व्हायचे असेल तर १९६१ साली स्थापन झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. दोन दिवसांत रंगीत प्रमाणपत्र देणाऱ्या दुकानांपासून मात्र सावध राहावे. पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या प्रमाणपत्राला एनसीव्हीईटीची मान्यता आहे काय? आणि कोणतेही प्रमाणपत्र असो, प्रथमोपचार व छाती दाबून श्वास चालू ठेवण्याचे शिक्षण घेतल्याशिवाय मैदानात उतरू नये.

दुसरा कागद विम्याचा. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. ‘माझा विमा आहे की’ असे मुलगा सांगतो, तेव्हा तो बहुधा बँकेतल्या वीस रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्याविषयी बोलत असतो. तो विमा चांगलाच आहे. १८ ते ७० वयाच्या प्रत्येकाने काढावा, शिकणाऱ्या मुलांनीही काढावा. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख मिळतात. पण तो ज्याचा त्याच्यापुरता. हृदय बंद पडून झालेला मृत्यू त्यात अपघात धरला जात नाही. आणि सरांच्या चुकीने दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई तो देत नाही.

त्यासाठी वेगळा विमा असतो, दायित्वाचा. शिकवण्यात चूक झाल्याचा दावा आला तर व्यावसायिक दायित्व विमा, आणि जागेवर कोणाला इजा झाली तर सार्वजनिक दायित्व विमा. एलआयसीच्या आयुर्विम्यात तो बसत नाही. सर्वसाधारण विमा कंपनीकडे जावे लागते. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आहेत, खाजगीही आहेत. हा विमा डॉक्टर, वकील, हिशेबनीस यांच्यासाठी रुळलेला आहे. व्यायाम प्रशिक्षकाला मिळेल काय, हे लेखी विचारावे. प्रमाणपत्र हाती असेल तर विचारणाऱ्याला वजन येते. तालुक्यातील चार-पाच सरांनी मिळून विचारणा केली तर अधिक बरे.

पॉलिसी घेताना या गोष्टी वाचून घ्याव्यात. एका घटनेला किती रक्कम व वर्षभरात एकूण किती? आपल्या खिशातून आधी किती भरायचे? उघड्या मैदानावरचा सराव धरला आहे काय? वकिलाचा खर्च मिळतो काय? व्यावसायिक दायित्वाचा दावा सहसा पॉलिसी चालू असतानाच यावा लागतो, म्हणून नूतनीकरण एक दिवसही चुकवू नये. घटना घडली की आधी जखमीला दवाखान्यात न्यावे, माणुसकीला कोणतीही अट आड येत नाही. मग लगेच कंपनीला लेखी कळवावे. कंपनीला न विचारता ‘सगळी चूक माझी, इतके पैसे देतो’ असे लिहून देऊ नये, त्याने दावा अडतो. कंपनीने अन्यायाने नाकारले तर आधी तिच्या तक्रार कक्षाकडे व नंतर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. फौजदारी शिक्षा मात्र कोणताही विमा भोगत नाही.

म्हणून विम्याच्याही आधी वही. नवीन मुलगा आला की विचारावे: छातीत दुखते काय, चक्कर येते काय, दमा, फीट, हृदयाचा त्रास, चालू औषधे? होय म्हणाला तर डॉक्टरचा लेखी सल्ला आणल्याशिवाय पळवू नये. अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकाची सही घ्यावी. हजेरी, फीची पावती व घेतलेला सराव रोज लिहावा. पाणी, सावली, दवाखान्याचा नंबर हाताशी ठेवावा. ही वही मुलाला वाचवते आणि प्रसंग आला तर सरांची साक्षही देते.

जातीच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आपल्या मायबापांनी कचेरीचे उंबरे झिजवले. कागदाची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक? तीच शिस्त आता रोजगारात आणायची आहे. ज्या घरात सर आहेत त्या घराने पहिल्या फीतून हे दोन कागद करावेत. आणि ज्या घरातून मुलगा मैदानावर जातो, त्या आईबापांनी फी देण्यापूर्वी सरांना भेटून विचारावे: कुठे शिकलात, आणि आमच्या पोराला काही झाले तर तजवीज काय? असे विचारण्यात कोणाचा अपमान नाही. चांगला सर या प्रश्नाने रागावत नाही.